उशीखालचं रिव्हॉल्वर

बंदुकीच्या दुकानात बंदुकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात बघा. बंदूक विकली की जाते, किस्सा मागंच राहतो. कोल्हापुरात माझं हे दुकान वडलांपासूनचं. तीस वर्षं मी या काउंटरमागं बसलोय आणि खरं सांगू का, आता कंटाळा आलाय. पण गिऱ्हाइकाला कुठं कंटाळा येतोय!

*

रिव्हॉल्वर बघायला आलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? नळी बघत नाही, नंबर बघत नाही. चक्री फिरवतो. कर्रर्र! आवाज ऐकून मान डोलावतो आणि पुन्हा फिरवतो.

मी म्हणतो, "मालक, नका फिरवू, झिजतंय ते."

"व्हय, व्हय," म्हणतात आणि फिरवतात.

पिस्तुलात गोळ्या जास्त बसतात, खिशाला हलकं असतं, हे सगळं मी घसा कोरडा करून सांगतो. शांतपणे ऐकून घेतात. शेवटी विचारतात, "त्येला चक्री कुठाय?" आता मी पिस्तूल कपाटातून बाहेरच काढत नाही.

*

वारणानगरकडचे एक कंत्राटदार आले होते. त्यांना मी आखूड नळीचं, छोटं मॉडेल दाखवलं. शर्टाखाली कमरेला लावून ते आरशापुढं इकडून तिकडून फिरले.

"दिसत न्हाय की हो!"

"दिसू नये म्हणूनच तर लहान केलंय."

"पावणं, दिसायचंच नसंल तर घ्यायचं कशाला?"

मोठं घेऊन गेले. पुढच्या महिन्यात भेटले तेव्हा शर्ट बेंबीपर्यंत आलेला. टेलरकडून सगळे शर्ट आखूड करून घेतले होते!

*

खंडेनवमी झाली की माझं डोकं उठतं. तलवारीला हळदकुंकू लावलं तर फडक्यानं पुसता येतं. रिव्हॉल्वरच्या चक्रीत कुंकू गेलं की ते माझ्या बोकांडी बसतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुकानात रांग. सगळी रिव्हॉल्वरं लालपिवळी.

त्यात कागलकडचे तात्या म्हणजे कळस. ऊस, चार म्हशी, दोन लग्न झालेले मुलगे आणि चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वडलांकडून घेतलेलं सहाबारी रिव्हॉल्वर, एवढा त्यांचा संसार. रिव्हॉल्वर झोपताना उशीखाली. एका वर्षी त्यांनी त्याला पंचामृतानं आंघोळ घातली. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं!

मी ते टेबलावर ठेवलं तर नळीतून मुंग्यांची रांग बाहेर पडली.

"तात्या, असं कुणी करतं का?"

"देवाला चालतंय, ह्येला का चालू नये?"

काकी शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. तात्यांच्या मंडळी. तात्या दुकानात आले की त्या बरोबर असायच्याच. पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "मुंग्या न्हेत असतील तर न्हेऊ द्या की. मी आणिक साखर घालतो."

आमच्याकडं बायकाही 'घालतो', 'जातो' म्हणतात, त्याला इलाज नाही.

*

चाळीस वर्षांत तात्यांनी ते झाडलं किती वेळा? एकदा. गोळ्या जुन्या झाल्या होत्या, म्हणून मीच त्यांना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेलो. तिथं नेसरीचे एक निवृत्त सुभेदार शिकवायला असतात. तात्यांनी पाय फाकवले, एक डोळा मिटला, मग दुसराही मिटला आणि सहाच्या सहा गोळ्या झाडल्या.

सुभेदार जाऊन कागद घेऊन आले. कोरा करकरीत!

"तात्या, एकबी लागली न्हाय."

"त्ये ऱ्हाऊ द्या. आवाज कसा झाला?"

"आवाज झकास झाला."

"मग झालं की!" म्हणून तात्या खुशीत घरी. गावात महिनाभर आवाजाचंच कौतुक चाललं होतं म्हणे.

*

निवडणूक लागली की परवानाधारकांनी हत्यार जमा करायचं असतं. कुणी पोलीस ठाण्यात करतात, कुणी माझ्याकडं. मी पावती देतो, तिजोरीत ठेवतो. आचारसंहिता संपली की घेऊन जायचं. सरळ काम. पण तात्या दर आठवड्याला कागलहून एसटीनं यायचे. कशाला? तर बघायला!

"बरं हाय न्हवं?" तिजोरीकडं बघून विचारायचे. जसं काय दवाखान्यात नातेवाईक ॲडमिट केलाय.

एकदा तात्या समोर पान आणायला गेले तेव्हा काकी हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक इच्यारू का? पुढची निवडणूक कवा हाय?"

"ही अजून व्हायचीय, काकी!"

"तसं न्हवं. आचारसंहिता असली की मला झोप लागती बघा. एरवी ह्यांनी कूस बदलली की मी उठून बसतो. चाळीस वर्सं झाली."

मी हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.

*

त्यांचे दोन मुलगे. थोरला तापट, धाकटा त्याहून. वाटणी झाल्यापासून बांधावरून रोज कटकट. दोघांचाही डोळा तात्यांच्या रिव्हॉल्वरवर. तात्यांच्या समोर विचारायचे, "तुमच्या माघारी ह्ये कुणाला?" आणि तात्या मिशीला पीळ देत म्हणायचे, "बघू, कोण वाघ निघतोय!" बापानंच असं म्हटल्यावर काय बोलणार!

त्याच आचारसंहितेत बांधावर भांडण पेटलं. धाकट्यानं फावडं उगारलं. थोरला ओरडला, "थांब, तात्यांचं रिव्हॉल्वर आणतो!" आणि पळत घरात गेला. उशी उचलली. उशीखाली माझी पावती!

गावात हा किस्सा हसत हसत सांगतात. "पावतीनं कुणी मरतंय व्हय!" म्हणतात. मला तो हसत सांगता येत नाही. आचारसंहिता महिनाभर उशिरा लागली असती तर?

दुसऱ्या दिवशी तात्या आले. एकटेच. तिजोरीकडं बघितलं नाही. चहा निवून गेला तरी बसून होते.

मी म्हटलं, "तात्या, जमा करून टाका सरकारला. अर्ज मी लिहितो."

"व्हय," म्हणाले. "निकाल लागू द्या. मग करू."

निकाल लागला. गुलाल खाली बसायच्या आत तात्या पावती घेऊन हजर! मी रिव्हॉल्वर काढून दिलं. त्यांनी हातात घेतलं आणि चक्री फिरवली. कर्रर्र! मी रजिस्टर सहीसाठी पुढं सरकवलं. बोलून बोलून थकलो होतो.

काकी दुकानाच्या पायरीवरच थांबल्या होत्या, आत आल्या नाहीत.

*

गेल्या वर्षी तात्या झोपेतच गेले. काकींनी दुसऱ्याच दिवशी पोलीसपाटलाला बरोबर घेऊन रिव्हॉल्वर माझ्याकडं आणून जमा केलं. पदराखाली, पिशवीत, वर शेवग्याच्या शेंगा.

तेराव्यानंतर थोरला सकाळी आला, धाकटा दुपारी. दोघांचं म्हणणं एकच, "माझ्या नावावर करायचं." मी सांगितलं, वारसाच्या नावावर होतं, पण बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. थोरला सही करेना, धाकटा करेना. सरकारजमा करा म्हटलं, तर दोघंही म्हणाले, "तात्यांची आठवण हाय ती!" एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

मग एक दिवस काकी आल्या. "भाऊ, बाईमाणसाच्या नावावर हुतंय का?"

"होतं की. पण मुलांच्या सह्या?"

"त्या मी आणतो."

आठ दिवसांत आणल्या! दुसऱ्याला मिळणार नाही म्हटल्यावर दोघांनीही डोळे झाकून सही केली होती. म्हातारी आज ना उद्या जाईल, मग बघू, असा हिशेब असणार. काकींनी मला एवढंच विचारलं, "लायसन माझं आणि तिजोरी तुमची, आसं चालतंय न्हवं?" चालतं म्हटलं.

लायसनच्या मुलाखतीला कलेक्टर कचेरीत मीच त्यांना घेऊन गेलो. दोन्ही मुलगे दारात उभे, एक या चौकटीला, एक त्या. काकी खुर्चीत, मांडीवर पिशवी. साहेब तरुण होते. त्यांनी अर्ज उलटासुलटा बघितला.

"आजी, वय काय तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"इथं कारण लिहिलंय, स्वसंरक्षण. तुमच्या जिवाला धोका आहे का?"

"माझ्या? मला कोण काय करतंय, बाबा!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग या वयात तुम्हाला रिव्हॉल्वर पाहिजे कशाला?"

काकींनी मागं वळून दाराकडं बघितलं. आधी थोरल्याकडं, मग धाकट्याकडं. मग साहेबांकडं वळून म्हणाल्या,

"त्ये घरात येऊ नये म्हणून."