साहेबांच्या तोंडावर सोलापुरी चादर

भाची कुस्ती खेळणार म्हटल्यावर मी लगेच रजा टाकली. गौरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं होतं. तिचे वडील, म्हणजे माझे दाजी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर चादरी विणतात. त्यांनी साफ बजावलं होतं: मंद्रूपच्या जत्रेत गुडघा टिकला तर ठीक, नाहीतर कुस्ती कायमची बंद. मला समोरच्या पैलवान पोरीपेक्षा दाजींचीच जास्त धास्ती होती.

पुण्याहून सकाळची गाडी पकडली तर जेवायला सोलापुरात पोचता. नवी पेठेत रिक्षाचा हट्ट धरू नका, पायीच लवकर होतं. मी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे एसटीने मंद्रूपला निघालो. पाऊण तासाचा रस्ता, गौरी अख्ख्या वाटेत गुडघा चोळत होती.

आखाडा झकास होता. आमदारसाहेबांच्या निधीतून बांधलेला, म्हणून मागच्या भिंतीवर साहेबच रंगवलेले, हात जोडून, दोन पुरुष उंच. खेळात राजकारण नको, हे माझं आवडतं वाक्य. ते मी त्याच निधीच्या पायरीवर बसून वस्तादांना ऐकवलं. गौरीचे वस्ताद रहीमचाचा हसले.

"आमच्या आजोबांना संस्थानातून खुराक मिळायचा. मग कारखान्याचे चेअरमन आले, आता हे साहेब. तालमीवर कुणाचा तरी हात लागतोच की. माती मात्र पोरांच्याच अंगाला लागती."

हलगी सुरू झाली आणि तेवढ्यात निवडणूक पथकाची जीप आली. निवडणूक तोंडावर आलेली आणि भिंत झाकायची राहूनच गेलेली. अधिकारी भला माणूस होता, पण ठाम. "आचारसंहिता आहे. चित्र झाका, नाहीतर मैदान बंद करा."

कुणीतरी चुना आणायला पळालं, पण भिंत रंगवून होईपर्यंत दिवस मावळला असता. गौरी अंगाला माती लावून उभी होती, तिचे डोळे भरून आले. मी दाजींकडे पाहिलं. आता हे म्हणणार, चला घरी.

दाजी उठले आणि जत्रेतल्या चादरीच्या दुकानात शिरले. दुकानदार ओळखीचा. दहा मिनिटांत ते शिडीवर चढून साहेबांच्या कपाळावर चादर ठोकत होते. खाली उभ्या पोरांना म्हणाले, "डबल घ्या रं, ह्यातनं मिशी दिसतीया!" अधिकारीसुद्धा हसला आणि त्याने मान डोलावली.

कुस्ती लागली. पाचव्या मिनिटाला गौरी त्याच गुडघ्यावर बसली. पण ती उठली, आत शिरली आणि ढाक डाव मारून तिने समोरचीला चितपट केलं. मला हुंदकाच फुटला, लपवत नाही. रहीमचाचा आभाळाकडे बघत दोन्ही हात तोंडावरून फिरवत होते. दाजी शिडीवरच बसून होते.

भिंतीवरच्या चादरींपैकी एक मी विकत घेतली. चार खिळ्यांची भोकं आहेत, पण ऊब छान देते. पुण्यात परतलो त्याच संध्याकाळी दाजींचा फोन आला. मी विचारलं, "गुडघा सुजला का?"

"न्हाय हो, गुडघा बेस हाय. पुढचं मैदान कुटं हाय ते तेवढं बघा. आन् भिंत किती लांब हाय तेबी इचारून ठेवा."