टकटक करणारी जीप आणि जव्हारचा घाट

पालघरहून जव्हारला जायचं तर आता गाडीत बसा, गाणी लावा, गप्पा मारता मारता पोचाल. आम्हाला एकदा त्याच रस्त्याला तीन दिवस लागले होते, आणि त्यात निम्मी चूक माझी होती. इतक्या वर्षांनी कबूल करतेय, म्हणून लिहायला बसले.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या ह्यांनी तारापूरच्या एका कारखान्यातली नोकरी सोडून जुनी डिझेल जीप घेतली होती, चारही चाकांना जोर मिळणारी. पालघर-मनोर-जव्हार अशी माणसं आणि सामान न्यायचे. मला तर ती जीप सवतच वाटायची. सकाळी दारात उभी राहून टकटक करायची आणि माझी अर्धशिशी उठायची. "बंद करा हो ती टकटक!" असं मी रोज ओरडायचे. पुढे आवाज खरंच कमी कमी होत गेला, पण जीप घाटात तापायला लागली. एका फेरीत तीनदा पाणी उकळलं, तेव्हा बसलेली माणसं उतरून चालायलाच लागली.

त्या संध्याकाळी मी सांगून टाकलं, "मोठा रेडिएटर बसवा. मी स्वतः जव्हारपर्यंत सोबत येते. तरी उकळली तर जीप विकायची आणि कारखान्यात परत जायचं." जुन्या साहेबांनी सोमवारपर्यंत जागा धरून ठेवली होती. हे म्हणाले, "बरं." दिवसाला वीस शब्द खर्चणारा माणूस, त्यातला एक मला मिळाला.

शुक्रवारी बोईसर. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत रेडिएटरवाल्याने जुना काढला, नवा बसवला, कडांना कथलाचा डाग दिला. "भाभीजी, पहले तीन लाइन का था, अब चार का है. पहाड़ पे चढ़ा दो!" लाइन म्हणजे आतल्या पाण्याच्या नळ्यांची रांग. महिन्याची कमाई गेली, पण म्हटलं जाऊ दे. स्टेशनजवळच्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाल्लं. बोईसरला गेलात तर बोंबील सोडू नका.

शनिवारी जव्हारला निघालो. पालघर सोडलं की मनोरच्या वाटेवर वाघोबाची खिंड लागते. सगळे गाडीवाले थांबून हात जोडतात, आम्हीही जोडले. वाघोबाने काही ऐकलं नाही. चढ संपेपर्यंत तापमानाचा काटा लालात गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. हे त्यावर ओलं गोणपाट टाकून उभे राहिले. मी जिंकले होते खरं तर. पण त्यांचा चेहरा बघवेना.

कशीबशी मनोरला पोचलो. चहावाला म्हणाला, "बेटेगावच्या मिस्त्रीला दाखवा. निसता पानी थंड करून काय व्हनार?" मग हायवेने चिल्हार फाटा आणि तिथून आत बेटेगाव. मिस्त्री म्हातारा, खाकी हाफपँटीतला. त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला.

"गरम हाय. थंड झाल्याबिगर मी टॅपेटला हात लावत नाय. उद्या सकाली या."

टॅपेट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. इंजिनाची झडप ज्या दांड्याने उघडते, त्याच्यात आणि झडपेत केसाएवढी फट ठेवतात. ती फट गार इंजिनावरच मोजायची.

अख्खी दुपार मोकळी. जीप तिथेच ठेवून एसटीने बोईसर आणि पुढे चिंचणीचा समुद्र गाठला. सुरूच्या झाडांखाली गरम भजी घेऊन बसलो. तुम्हीही संध्याकाळीच जा, दुपारी वाळू पाय भाजते. हे म्हणाले, "सोमवारी जातो कामावर. तू म्हणतेस तेच बरोबर."

मला हेच हवं होतं ना? मग हातातली भजी मी कावळ्यांना का टाकली? मी उगाच वाळूत रेघोट्या ओढत बसले.

रविवारी सकाळी मिस्त्रीने इंजिनावरचं झाकण काढलं. फट मोजायची पातळ पट्टी घातली. जाईना. त्याहून पातळ घातली, तीही जाईना.

"कोनी आवलले इतके?"

हे म्हणाले, "मी."

"लोखंड तापला का फुगतो, दादा. फटच नाय तर झडप मिटल कशी? जोर जातो, गाडी तापते. रेडिएटर बिचारा काय करील? टकटक करतो तो टॅपेट चांगला. गप झाला का जलतो. नशीब तुमचा, झडपा अजून धडक्या हायत."

मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं." नजर चपलांवर. "तुझं डोकं दुखायचं. प्रत्येक वेळी थोडंथोडं आवळत गेलो."

असा संताप आला म्हणून सांगू! "मी विका म्हटलं तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तू डोकं धरून आवाज सोसला असतास."

मी रडायला लागले. मिस्त्री म्हणाला, "भांडान घरी करा, ताई. आता ह्यो पाना धरा." मी धरला. एकेक फट बरोबर करून त्याने जीप चालू केली. टकटक, टकटक. कपाळात कळ आली, तरी मी हसले.

तिथूनच थेट जव्हार. विक्रमगडला पाणी भरून घेतलं, पुढे घाट. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, पण मी पळस बघितलाच नाही, काटा बघत होते. काटा निम्म्यावर आला आणि तिथेच राहिला. वर पोचल्यावर ह्यांनी जीप थांबवली आणि विचारलं, "डोकं?"

"दुखतंय," मी म्हटलं. "चला पुढे."

घरी आल्यावर मी जुना रुमाल फाडून कपाळाला बांधायच्या पट्ट्या केल्या, वैद्यांकडून काढा आणला. अर्धशिशी काही गेली नाही, आजही आहे. जीप मात्र पुढे बरीच वर्षं त्या घाटात माणसं नेत राहिली.

त्या सोमवारी सकाळी हे कारखान्याकडे नाही, मनोरच्या फेरीला निघाले. जीप दारात टकटकत होती. शेजारच्या वहिनी कानावर हात ठेवून बाहेर आल्या. "अगं बाई, परत सुरू झाला का तो आवाज! सांग ना त्यांना, बंद करा म्हणावं."

मी कपाळावरची पट्टी आवळली आणि म्हटलं, "नाही हो सांगायची. माझं ऐकतात ते."