वरच्या बांधाचं पाणी

पौषातला दुसरा रविवार. हजर : मी, वरच्या रानाचे आप्पा, पाणीसंस्थेचा पाटकरी. गैरहजर : काका.

काकांचा पायजमा बारा महिने गुडघ्यापर्यंत दुमडलेला असे. लग्नाच्या पंगतीतही. "पाण्याचा नंबर काय मुहूर्त बघून येतोय व्हय?" असं म्हणत. हातकणंगल्याजवळच्या आमच्या रानाला संस्थेचं पाणी नंबरानं मिळतं. आपण नंबर सोडला, की ते पाणी पुढच्याला जातं. पुढचे म्हणजे आप्पा. भाचीच्या लग्नात काका जिलेबी पानात तशीच टाकून रानाकडे निघाले होते.

रानाचा कारभार त्यांनी माझ्याकडे दिला, तेव्हा मी कामं लिहून काढली आणि एकेक उरकली. उसाला ठिबक अंथरलं, ओलावा मोजणारं यंत्र रोवलं, ते काकांच्या फोनला जोडलं. काकांना त्याचं भारी कौतुक. आल्यागेल्याला बांधावर नेऊन सांगत, "जमीन बोलतीया बघा, पावणं!" पण नंबर आला, की फोन 'ओल पुरेशी आहे' म्हणत असतानाच ते सरीतून पाणी सोडत.

"काका, यंत्र नको म्हणतंय."

"त्येला म्हणायला काय जातंय? आपण नंबर सोडला तर आप्पा घेणार. त्येच्या रानात न्हाय मावलं, की झिरपून आपल्याच रानात उतरणार. बुडायचंच हाय, तर आपल्या पाण्यात बुडू की!"

अति पाण्यानं खालच्या कोपऱ्यात पांढरं मीठ फुटलं होतं. तिथला ऊस पिवळा, खुजा. दर हंगामात तो पांढरा पट्टा थोडा वर सरकत होता.

मी आप्पांकडे गेले. तुमच्याही रानात ठिबक करू, बांधावर सामाईक टाकी बांधू, नंबराचं पाणी साठवू आणि लागेल तेव्हाच देऊ. आप्पा म्हणाले, "बेस हाय. पर आधी तुझ्या काकानं नंबर सोडावा."

काका म्हणाले, "आधी त्यानं."

तरी एकदा काकांनी सोडला. दिवसभर फोन घेऊन बांधावर बसले. आप्पांनी आपलंही पाणी घेतलं, आमचंही. दुसऱ्या दिवशी आमच्या यंत्रावरची ओल चढली. काकांनी फोन माझ्या हातात ठेवला. "बघ. उपास आपण केला, जेवला त्यो, आन् अजीर्ण आपल्याला."

दिवाळीनंतर काका गेले.

त्या रविवारचा नंबर पहिल्यांदाच माझा होता. फोन वाजला : ओल पुरेशी आहे. पाटकरी व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा. "ताई, खोलू का?"

वरच्या बांधावर आप्पा फावडं घेऊन तयारच होते. "यंत्रावर लई भरवसा न्हवं तुझा? मग सोड की नंबर!"

"खोला," मी पाटकऱ्याला म्हणाले.

पाणी सरीत शिरलं, तेव्हा खाली बघितलं. माझी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती.

घरी येऊन यादी काढली. टाकीसाठी आप्पांचा होकार : बाकी.