तीन पायांचा पाहुणा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मोखाड्याचं नाव निघालं की मी चहा टाकायला उठत असे — इतकी वर्षं असंच. आता उठायलाही वेळ लागतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. लेझरची यंत्रं आपल्याकडे नवी होती. मोखाड्याच्या बाजूला एका छोट्या धरणासाठी आम्ही दरी मोजत होतो. तीन पायांवरचं यंत्र चहूकडे किरण फेकतं आणि समोर जे असेल त्याचे लाखो ठिपके गोळा करतं. पण एका जागेवरून डोंगराची एकच बाजू दिसते. म्हणून जागा बदलत फिरायचं, आणि मग ते तुकडे संगणकावर एकमेकांना जुळवायचे — दोन्हींत सारखं दिसणारं काही धरून. हे जुळवणं माझं काम. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे.

एकदा यंत्र सोमीबाईच्या अंगणात लावलं. कारवीच्या कुडाचं, गवतानं शाकारलेलं घर. त्या उतारावर एकटंच. तिनं आम्हाला कोरा चहा दिला आणि यंत्राकडे हनुवटी करून म्हणाली, “तुमचे तीन पायांचे पाव्हण्याला पण देऊ का? मघाधरनं घराकडं टकामका बघतोय.” आम्ही हसलो. हे का सांगतोय? कारण ते घर पाहिलंच नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

उरलेली बाजू चैत्रात मोजली. मधल्या काळात तिच्याकडे सून आली होती. घराला खोली वाढली होती, छपराचा उतार फिरला होता. म्हणजे एकाच जागी दोन वेगळी घरं. रानात सरळ रेषा तेवढीच — प्रोग्रॅम त्या भिंतींनाच धरून बसे आणि अख्खा डोंगर तिरका होई. मग मी दोन्ही तुकड्यांतून घर काढून टाकलं. माणसं, बैल, गवताच्या गंजी काढतो तसं. डोंगर असा बसला की सांधा दिसेना. साहेबांनी पाठ थोपटली.

नंतर ते परत जागेवर ठेवायचं होतं. विसरलो? स्वतःला हेच सांगत आलो. नाही — विसरलो नव्हतो. नव्या घराची एकच बाजू आमच्याकडे होती. माझ्या देखण्या डोंगरावर अर्धं, फाटकं घर दिसलं असतं. मला ते नको होतं.

पण खरं कबूल करायचंय ते हेही नाही.

जव्हारला सभा झाली. पडद्यावर माझी दरी फिरवून दाखवली. पाण्याखाली जाणारी घरं त्यावरूनच धरली होती. ज्याचं घर, त्याला वर नवी जागा. सोमीबाई उठली. “सायब, माझा घर कुठं हाय यात? आंबा हाय, दगूड हाय — घर कुठं?” मागून कुणीतरी म्हणालं, “आता जागेपायी घरं उगवायला लागली!” लोक हसले. तेवढ्यात तिनं मला ओळखलं. “त्यांना इचारा. त्यांनी चाय पेलीय माझे दारात.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “यंत्रात आलं नाही, म्हणजे मोजणीच्या वेळी नव्हतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बसली. भांडली असती तर —? काही नाही. मी तेच म्हटलं असतं.

तिला जागा मिळाली नाही. घर पाण्यात गेलं.

निवृत्त झाल्यावर मी एकदा जव्हारला गेलो, सांगायचंच म्हणून. ती एसटी स्टँडबाहेर करवंदं विकत बसली होती. तिनंच मला आधी ओळखलं. “पाव्हणा नाय आणला?” म्हणाली. चेष्टा की टोमणा — कळलं नाही. वाक्य मी वाटेत घोकून ठेवलं होतं: सोमीबाई, तुमचं घर मीच पुसलं, आणि सभेत खोटं बोललो. जिभेवर होतं.

मी म्हणालो, “करवंदं कशी दिली?”

तिनं द्रोण भरला, वर आणखी मूठभर घातली. मी तो घेऊन परतीच्या गाडीत बसलो.