जाड फोमची माशी

चूक माझी होती आणि मी ती दाजींच्या हातावर ढकलली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात कापतो, त्यामुळे घराबाहेर पडणंच त्यांनी सोडलं होतं. मासे धरायला पाण्यावर तरंगणारी नकली माशी मी स्वतः बनवतो म्हटल्यावर ते कसेबसे भोगावती नदीवर यायला तयार झाले. गळावर फोमचा तुकडा दोऱ्यानं आवळायचा, वरून चकाकी द्यायची. माशाला तो किडा वाटतो.

"पातळ फोम घे," त्यांनी बजावलं होतं. "गळाचं तोंड मोकळं ऱ्हायला पायजे. न्हायतर मासा नुसता चावून जातोय."

मी पातळ फोम शीट आणलीही. पण दाजींची नजर अधू, त्यांना लांबून दिसायला हवं, म्हणून जुन्या स्लिपरचा जाड फोम कापला. बायकोचं नेलपॉलिश आधी थर्माकोलवर लावून पाहिलं, तर त्याला खड्डे पडले. स्लिपरच्या फोमवर मात्र ते काचेसारखं बसलं. माशी इतकी देखणी झाली, की गळाच्या वाकात फोम भरून त्याचं तोंड बुजलंय हे दिसत असूनही मी तो छाटला नाही.

नदीवर मोठा मासा वर आला, त्यानं माशी तोंडात घेतली. दाजींनी काठी उचलली. दोरी ताणली आणि लगेच सैल पडली. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

पलीकडं गळ टाकून बसलेला एकजण म्हणाला, "पावणं, माशास्नी जेवाय घालताय व्हय?"

मी घाईघाईनं बोलून गेलो, "दाजी, हात हलला तुमचा."

त्यांनी काठी खाली ठेवली. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "आता मी न्हाय यायचो."

घरी माशी पाहिली. फोमवर दात उमटले होते, गळाचं टोक फोमाआड तसंच कोरं. तरीही मी दाजींना कळवलं नाही. मग ताईचा फोन आला. दाजींनी काठी माळ्यावर टाकली होती. कुणी आलं की ते चहाचा कपसुद्धा उचलत नव्हते.

त्याच संध्याकाळी गेलो. माशी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, गळाच्या वाकात नख घालून पाहिलं. नख आत शिरेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुमचा हात हलला नव्हता, दाजी," मी म्हणालो. "फोम जाड होता. मला दिसत होतं, तरी तुमच्यावर ढकललं. माफ करा मला."