दोन आयपीस आणि बाबांचा निकाल

गुडगावात नवा फ्लॅट, नवी परदेशी कंपनी आणि दौऱ्यावरून आणलेलं दुर्बिणीचं नवंकोरं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, तेही रुंद दृश्य दाखवणारं! त्या संध्याकाळी गच्चीवर मी जादूगाराच्या थाटात उभा होतो. दिल्लीच्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आमच्याकडे राहायला आलेले बाबा परीक्षक होते.

"नजर चंद्रावरून हलवायची नाही," मी बजावलं. "जुन्या आयपीसमध्ये भोवती काळी कडा दिसेल. नव्यात ती इतकी लांब जाते, की आपण आकाशातच तरंगतोय असं वाटतं."

बाबांनी आधी जुन्यातून पाहिलं, मग नव्यातून.

"दोन्ही सारखीच. कडा कशातच नाही."

"बिल्कुल सरकारी शेरा!" मी म्हणालो. "जन्मभर फायलींवर हेच लिहिलंत ना?"

बाबाही हसले. पुन्हा जुन्यातून बराच वेळ पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "तुला खरंच कडा दिसते का रे?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. बाबांना वाटत होतं, या वयात सगळ्यांना असंच दिसतं.

त्याआधी वर्षभर ते दारांना धडकायचे, ताटाशेजारचं भांडं सांडायचे. पाहुणे आले की मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. ती मला फार हुबेहूब जमायची. सगळ्यांत जास्त बाबाच हसायचे.