परळच्या लॅबमधला काचेचा कॉलम

तीन माणसं वीस वर्षं एका काचेच्या कॉलमसमोर बसली, की किस्से ठेवायला कपाट पुरत नाही. आमची परळची कॉलेज-लॅब. दारू नव्हे, दारूचा अभ्यास! कॉलम म्हणजे काचेचं उंच नळकांडं: खालून वाफ, वरून उसाची आंबवलेली मळी, मधे भोकं पाडलेल्या थाळ्या. दिवसभर बुडबुडे. दुपारचं ऊन काचेतून आलं, की आपण कामावर आहोत हेच विसरायला होतं.

*

सावंतकाका आमचे ऑपरेटर, लालबागचे. पोरांना सांगायचे, "आमची चाळ बघितलीस? तसंच. वाफ जिना चढते, पाणी उतरतं. प्रत्येक मजल्यावर गाठ पडते. दारू वाफेबरोबर वर सटकते."

"आणि गच्चीवर?"

"तिथे थंड करायचं. थोडी काढून घ्यायची, बाकीची परत खाली."

"खाली का?"

"एकदा चढला म्हणजे शहाणा झाला काय रे?"

*

कांबळे मॅडम लॅबच्या प्रमुख. शिस्त म्हणजे शिस्त! एकदा एक मुलगी तापमान लिहायचं सोडून दोन तास बघतच बसली. जर्नलमध्ये लिहिलं, 'सातव्या थाळीवरचे बुडबुडे सर्वांत सुंदर.'

आम्ही म्हटलं, आता मेली!

मॅडमनी लाल पेनने शेरा मारला, 'सातव्या नव्हे, पाचव्या. पण तापमान?'

*

काका मुलीच्या लग्नाला मालवणला गेले आणि इकडे कॉलम नुसता फेसाने भरला. मॅडमनी फोन लावला. मागे सनई.

"फोन काचेजवळ धरा," काका म्हणाले. मिनिटभर ऐकलं. "वाफ जास्त झालीय. घाई करतोय तो. व्हॉल्व्ह अर्धा फेरा बंद करा."

केला. हळूहळू फेस बसला, थाळ्या पुन्हा दिसू लागल्या.

"काका, कमाल आहे तुमची!"

"आता ठेवू? अंतरपाट धरलाय!"

*

माझी आई कधीच लॅबमध्ये आली नव्हती. वडील गिरणीत होते, दारूने गेले. मी इथे चिकटलो तेव्हा आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. गेल्या वर्षी अचानक म्हणाली, "दाखव एकदा."

स्टुलावर बसली. वरून येणाऱ्या नळीतून एकेक थेंब पडत होता, अगदी नितळ. ती बघत राहिली. मी चहा आणला, तो गार झाला.

"यात आता पाणी अजिबात नाही?"

"आहे गं. थोडंसं. कितीही थाळ्या चढवा, तेवढं पाणी काही सुटत नाही."

आई हसली. खरंच हसली.

"एवढ्या दारूतही तुझ्या वडलांत उरलं होतं रे तेवढं पाणी."